फितूर गाडी

तिशीत कसलं आत्मकथन लिहितेस, असं मला विचारलं जातं. आमच्या घरात म्हातारपणाची वाट बघून कुणी काही केलं नाही, एवढंच मी सांगते. मला अक्षरं कळली ती पत्रकांवरून. शाळेत ‘कमळ’ गिरवायच्या आधी मी ‘धिक्कार’ वाचला होता, कारण तो सुक्या जवळ्याच्या डब्याखाली अंथरलेला होता आणि शेजारच्या डब्याखाली ‘जाहीर निषेध’ होता. आई तांदळाच्या भाकऱ्या काढून पत्रकांवर टाकायची. भाकरीच्या पाठीवर शाई उलटी उमटायची आणि आम्ही ती खाडीतल्या निवट्यांच्या कालवणात बुडवून खायचो. ओटीवर पत्रकं छापायचं, हाताने फिरवायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र होतं. झेरॉक्सची दुकानं गल्लोगल्ली झाली तरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सोडलं नाही. दुकानदाराच्या डोळ्यांखालून आपला मजकूर जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. चुलीपाशी थापायच्या भाकरीची थप थप आणि यंत्राची खटक-घर्र, खटक-घर्र, यांच्या मधून आप्पांचा आवाज. ते मीठ मागतानाही घोषणा दिल्यासारखे मागायचे.

गाव पेणच्या खाली, खाडीच्या बांधाला टेकलेलं. बांधाच्या एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भात. बांधात उघाडी असते, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीचं खारं पाणी बाहेरच थोपवणारी लाकडी दारं. एका ठेकेदाराने त्या उघाडीवर भराव टाकायला घेतला. दारं गाडली गेली की भातात खारं पाणी चढणार आणि जमीन मेली म्हणजे ती फुकाच्या भावात त्याचीच होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आप्पांची संघटना त्या भरावासमोर उभी राहिली. डंपरसमोर आडवं पडणं, डोकी फुटणं, पुन्हा पत्रक, पुन्हा डंपर, असा तो काळ. माझी सतराव्या वर्षाची आठवण म्हणजे टिंक्चरचा वास.

संघटनेची गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. मूळची पांढरी, आता पिकल्या गरव्या भातासारखी पिवळट, टपावर कर्णा, इंजिन पुढच्या सीटच्या खाली. ती दामाकाका चालवायचा. दामाकाका आप्पांचा चुलतभाऊ, त्याचं घर आमच्या अंगणापलीकडे. तो इतका हळू बोलायचा की सुमनकाकू, त्याची बायको, म्हणायची, “ह्यांनी लग्नात नाव घेतलं ते मला अजून ऐकू आलेलं नाय.” मी पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी बसायचे. सीटवर गोणपाट दुमडून घालावं लागे, कारण पेण मागे पडेस्तोवर बूड भाजायला लागायचं. वाटेत थांबून तो मला गाडी चालवायला, प्लग काढून घासायला शिकवायचा, आणि मी त्याला पत्रक वाचून दाखवायचे. त्यातलं त्याला किती पटायचं, देव जाणे. “लय मोठे शब्द हाएत गो,” एवढंच म्हणायचा.

त्या गाडीची एक खोड होती. सकाळी किल्ली लावली की एका दमात चालू. पण नागोठण्यावरून रोह्यापर्यंत जाऊन थांबवली की ती हटून बसायची. स्टार्टर फिरायचा, इंजिन घरघर घरघर करायचं, पेट मात्र घ्यायचं नाही. बराच वेळ तशीच ठेवली की काही झालंच नाही अशी चालू. म्हणून दामाकाकाचा नियम होता की सभेच्या वेळी इंजिन बंद करायचं नाही. आप्पांची भाषणं त्या घरघरीवर चालायची आणि आप्पांना ती घरघर म्हणजे स्वतःचा अपमान वाटायचा.

“बंद कर ती दामा! लोकांना माझा आवाज जाऊ दे की गाडीचा?”

“आप्पा, गाडी बंद, तर आपणपण हितंच.”

लोक हसायचे. आप्पा हसायचे नाहीत.

भरावाचा दगड रोह्याकडच्या एका खाणीतून यायचा. खाणीवर राबणाऱ्या वाडीतल्या माणसांशी बोलायला आम्ही जायचो. तिथे आधी दोनदा असं झालं होतं की आप्पांनी हट्टाने इंजिन बंद करायला लावलं, गाडी अडून बसली आणि ठेकेदाराची माणसं शिव्या देत, दगड फेकत आली. तिसऱ्यांदाही तसंच झालं, पण ती माणसं कुदळीचे दांडे घेऊन आली. भर दुपार होती. आम्ही गाडीत कोंबलो गेलो, दामाकाका किल्ली फिरवतोय, इंजिन घरघरतंय आणि बाहेरून दांडे पडायला लागले. काच फुटताना आवाज मागून येतो, आधी तोंडावर वाळूसारखं काहीतरी येतं, हे मला तेव्हा कळलं. सरकत्या दरवाजातून त्यांनी आप्पांना ओढलं. आप्पांनी डोक्यावर धरलेला डावा हात काडकन वाजला. आईच्या कपाळातून रक्त असं आलं की तिची एक भिवईच दिसेना. आमच्यातला सगळ्यात तापट, नारू, एकाचा दांडा हिसकून भिडला आणि त्याचा कान लोंबायला लागला. माझे केस धरणाऱ्या हाताला मी चावले. दगडाची भुकटी आणि रक्त, ती चव आजही खडीच्या ट्रकमागून जाताना जिभेवर येते. दामाकाकाच्या बाजूचा दरवाजा चेपून अडकला, म्हणून त्याला कुणी बाहेर ओढू शकलं नाही. मांडीत काचा, खांद्यावर फटके, आणि तो आपला किल्ली फिरवत राहिला. शेवटी वाडीतली माणसं गोफणी घेऊन धावून आली म्हणून आम्ही जिवंत परतलो.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून पेणच्या गॅरेजात आणली. रात्रभर ती तिथे उभी होती. सकाळी मेकॅनिकने किल्ली लावली आणि गाडी चालू. “हिला काय धाड भरलीय?” तो नारूला म्हणाला. “टकाटक हाय गाडी.” कान बांधलेला नारू गाडी आणि ते वाक्य घेऊन गावात आला. एखादा निखारा घेऊन यावा तसा आला.

“गाडी बरी हाय. मग बिघाड कुठं हाय?” तो आमच्या अंगणात उभा राहून ओरडला. “बिघाड सीटवर बसलाय! तीनदा बंद पडली, तीनदा ते आले. आपली सगळ्यांची डोकी फुटली, आणि ह्याला काय? खरचटलंय!”

माणसं जमायला वेळ लागला नाही. सगळ्यांच्या अंगावर पट्ट्या होत्या. ठेकेदारापर्यंत कुणाचा हात पोचत नव्हता. दामाकाका मात्र अंगणापलीकडे होता. त्याला दारातून काढून गाडीपाशी आणलं. पहिली थोबाडीत कुणी मारली ते मला दिसलं नाही, नंतर दिसायची गरज उरली नाही. तो “नाय रे, नाय रे” म्हणत होता, तेही हळू, आणि तो हळू बोलतो याचाच लोकांना जास्त राग येत होता. मग नारूने त्याचा उजवा हात धरला. “ह्याच अंगठ्यानं किल्ली फिरवतोस ना?” असं म्हणून तो हात व्हॅनच्या चौकटीवर दाबला आणि दुसऱ्या कुणीतरी सरकता दरवाजा ओढला. दोनदा. पहिल्यांदा दामाकाका ओरडला. मी त्याचा मोठा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सुमनकाकू विळी घेऊन धावली, तिला ढकलून पाडलं. मी ओटीवरून उडी मारली, पण आईने मला मागून धरलं, आणि मी आप्पांकडे बघितलं. आप्पा मोडका हात गळ्यात बांधून उभे होते. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द दुसऱ्या वेळेनंतर आला.

“बास. पुढचं गावकी ठरवेल.”

गावकी म्हणजे गावातल्या कर्त्या पुरुषांची बैठक, देवळासमोर बसते. आणि ती काय ठरवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाळीत. म्हणजे त्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्या घराशी कुणी बोलायचं नाही, दुकानदाराने मीठ द्यायचं नाही, मेलं तर खांदा द्यायचा नाही. आमच्या रायगडात हे आजही होतं, पेपरात येतं, लोक वाचतात आणि पान उलटतात. माझ्या आप्पांनी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं होतं. मी ते तांदळाच्या डब्याखालून ओढून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

“‘वाळीत टाकणे म्हणजे जिवंत माणसाची तिरडी बांधणे.’ हे तुम्ही लिहिलंय.”

“ते निरपराध माणसाबद्दल लिहिलंय. हा फितूर आहे.”

“पुरावा?”

“गाडी.”

“गाडीला विचारलंत का?”

त्यांनी चांगल्या हाताने माझ्या कानाखाली वाजवली. आईने तव्यावरची भाकरी तशीच जळू दिली. ती उठली, डोक्याची पट्टी घट्ट केली आणि खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. “चल बाय,” ती म्हणाली. “इचारू गाडीला.”

दामाकाकाकडे आम्ही आधी गेलो होतो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, हाताचं गाठोडं छातीवर. वळला नाही. तेव्हा जे काय करायचं ते आम्हा दोघींनाच करायचं होतं. मेकॅनिकने काय चूक केली ते मला सीटवर बसल्याबरोबर कळलं, कारण सीट गार होती. त्या गाडीशी भांडण व्हायचं ते नेहमी बूड भाजल्यावर. गार गाडीला विचारून उपयोग नव्हता. आम्ही ती चालू केली, उन्हात उभी केली आणि भात शिजेल इतका वेळ तशीच घरघरत ठेवली. गोणपाटातून चटका बसायला लागला तशी मी ती बंद केली. पुन्हा किल्ली फिरवली. घरघर, घरघर. पेट नाही. आई म्हणाली, “झाली रुसूबाई.” आणि मला रडायला आलं, कारण दामाकाका तिथे नव्हता, गाडीला हात लावणारी मी होते, आणि तरीही ती तशीच वागत होती.

सीट उचलली. प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. मग तोच प्लग वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवला. ठिणगी उन्हात दिसत नाही, म्हणून आईने पदराचा आडोसा केला आणि मला सांगितलं, “तू बघ, मी फिरवते.” जन्मात पहिल्यांदा आईने गाडीची किल्ली फिरवली. ठिणगी नव्हती. मी वायर धरून मागे मागे गेले ती कॉइलपाशी पोचले. मुठीएवढा काळा डबा, त्यातून ठिणगीची वीज निघते. हात लावला आणि बोटांची कातडी तिथेच राहिली. आईने धुण्याच्या बादलीतलं फडकं पिळून त्याच्यावर टाकलं. चर्रर्र झालं, वाफ आली. आणखी एकदा. आणखी एकदा. मग पुन्हा पदराचा आडोसा, पुन्हा किल्ली, आणि पदराच्या अंधारात टिक, टिक, निळी ठिणगी. प्लग बसवला आणि गाडी चालू झाली. आई स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. पट्टीतून पुन्हा रक्त आलं होतं.

आप्पांना लगेच का सांगितलं नाही? कारण मी त्यांचीच मुलगी. एकाला ओटीवर समजावण्यापेक्षा गावाला मैदानात सांगावं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

गावकी बसली त्या दिवशी मी गाडी गावाबाहेरून फिरवून आणली आणि देवळासमोर, बैठकीच्या तोंडाशी, चालू ठेवून उभी केली. बंद कर, बंद कर, असं सगळे ओरडले. मी केली नाही. त्या घरघरीवर त्यांना दामाकाकाचा गुन्हा सांगावा लागला. दामाकाका देवळाच्या पायरीखाली उभा होता, हात फडक्यात, सुमनकाकू त्याला खेटून. नारू म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही, हे मेकॅनिकने सांगितलंय. गावकीचा म्हातारा म्हणाला, “मग आणखी काय बोलायचं?” तेव्हा मी गाडी बंद केली. अचानक इतकं शांत झालं की खाडीवरचे बगळे ऐकू आले. मी किल्ली नारूच्या अंगावर फेकली.

“गाडी टकाटक हाय ना? कर चालू.”

नारू हसत सीटवर बसला. किल्ली फिरवली. घरघर. पुन्हा. घरघर. त्याचं हसू गेलं, तो लाथा मारायला लागला, पट्टीखालून त्याचा कान लाल झाला. मी आप्पांकडे वळले. “आता तुम्ही.” ते उठले. मला वाटलं होतं ते उठणार नाहीत. ते बसले, चांगल्या हाताने किल्ली फिरवली, गाडीने त्यांनाही तेच उत्तर दिलं.

“दोन फितूर झाले,” मी म्हणाले. “आता ह्यांचे अंगठे दारात कोण घालतो?”

सुमनकाकूच्या काखेत कळशी होती. ज्या घरचं पाणी तासाभराने कुणी पिणार नव्हतं, त्या घरची. तिला आईने आधीच सांगून ठेवलं होतं. ती पुढे झाली, आप्पांच्या शेजारची सीट उचलून फडकं ओलं करून कॉइलवर टाकलं, वाफ निघाली, पुन्हा पाणी घातलं. सगळी गावकी तिच्या हाताकडे बघत राहिली. मग ती आप्पांना म्हणाली, “फिरवा.” गाडी चालू झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पत्रकात संपते. पण गर्दीला आता दुसरा हात हवा होता. “नारूचा घाला! नारूचा घाला दारात!” ज्याने परवा दरवाजा ओढला होता, तोच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. त्यांनी नारूला व्हॅनवर आपटलं, त्याचं मनगट चौकटीवर दाबलं, आणि तो तापट माणूस वासरासारखा हंबरला. तेव्हा आप्पा गाडीतून उतरले, त्यांना बाजूला लोटत पुढे आले, नारूचा हात काढला आणि तिथे स्वतःचा ठेवला. लिहायचा हात.

“मी बघत उभा होतो,” ते म्हणाले. “ओढ, सुमन.”

सुमनकाकूने दरवाजा धरला. तिने तो खरोखर ओढला. बोटांना टेकेपर्यंत ओढला, आप्पांनी डोळे मिटले, आणि तिने तिथेच धरून ठेवला. मला अजूनही सांगता येत नाही की ती थांबणार होती हे तिला आधीपासून ठाऊक होतं की नाही.

“तुमचा हात मोडून ह्यांचा जुळणार हाय?” ती म्हणाली. “माझा नवरा फितूर हाय असं तुमच्या पोरांनी पेणपासून रोह्यापर्यंत सांगितलंय. कर्ण्यावरून सांगितल्यागत सांगितलंय. आता तुम्ही सांगायचं, गावोगाव जाऊन. मी येणार संगती. आणि गाडीतला तो डबा तवर बदलायचा नाय. हर गावात गाडी बंद करायची, बोलायचं, मग ती चालू होईस्तवर लोकांच्या तोंडासमोर बसून राहायचं.”

गेलो. ह्या सभांनाही पूर्वीच्या सभांइतकीच माणसं जमायची. आप्पा इंजिन बंद करायला सांगायचे, आणि मग त्यांचा आवाज खरंच स्वच्छ पोचायचा. “दामोदरने आम्हाला फसवलं नाही. आम्ही त्याचा हात मोडला. मी थांबवलं नाही.” मग गाडी अडून बसायची आणि आप्पा पुढच्या सीटवर, त्या भट्टीवर, घाम गाळत बसून राहायचे. लोक काचेतून आत बघायचे. एका बाईने विचारलं, “आन् तुम्ही आम्हाला न्याय देनार?” त्यांनी तेही ऐकून घेतलं. सुमनकाकू मांडीवर ओलं फडकं घेऊन शेजारी असायची, आणि तिला वाटेल तेव्हाच ते कॉइलवर टाकायची.

शेवटचं ठिकाण रोह्याकडचं, खाणीजवळचं, तेच. गाडी मी चालवत होते. मी म्हणाले, इथे नको बंद करायला, ते येतील. आप्पांनी सुमनकाकूकडे बघितलं. त्यांनी हात लांब करून स्वतः किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. दामोदरने आम्हाला फसवलं नाही, असं त्यांनी सुरू केलं, तोवर खाणीच्या वळणावर जीप दिसली. मग दुसरी. दांडे घेतलेले लोक उतरले. आप्पा बोलत राहिले. आम्ही त्याचा हात मोडला. पहिला दगड कर्ण्यावर खणकन बसला आणि तो आवाज सगळ्या डोंगरात गेला. मी किल्ली फिरवत ओरडले, “काकू, फडकं!” तिने फडकं तसंच हातात धरलं. आप्पांच्या गालावर दगड बसला, दात आणि रक्त कर्ण्याच्या माईकवर उडालं, आणि त्या रक्तातून ते शेवटचं वाक्य बोलले.

“मी थांबवलं नाही.”

तेव्हा सुमनकाकूने सीट उचलली.